बाविसावं नाव

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास ग्लेनिसच्या लक्षात आलं की आपला भाचा एलियट यंदा पाच नाही, चारच सामने खेळला आहे. तिने आधी उठून ऑफिसचं दार लावून घेतलं. मग पुन्हा बसली आणि पुन्हा मोजलं. मोजून सामने वाढत नाहीत, पण माणूस मोजतोच.

ऑफिस म्हणजे आमच्या यारपिंगा फुटबॉल क्लबाच्या मागच्या अंगाची खोली. मैदानावर रेषा मारायच्या चुन्याची पोती, मुलींचे नेटबॉल, हवा गेलेले चार जुने फुटबॉल, आणि या सगळ्याच्या मधोमध एक टेबल. या टेबलाशी बसून ग्लेनिसने एकोणीस वर्षं क्लबाचं सचिवपद सांभाळलं. लग्न होऊन तीस वर्षं झाली, नवरा जाऊन नऊ, तरी गावाच्या तोंडी ती अजून माहेरच्या नावाने नुस्क्यांची ग्लेनिसच. कुठला खेळाडू कुठून आला आणि त्याच्यावर किती गुण बसतात, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. गावच्या पोराचा एक गुण, शहरातल्या मोठ्या लीगमधून आलेल्याचे चार, आणि मैदानावरचे अठरा नि बाकावरचे चार अशा बावीस जणांचे मिळून चाळीसच्या वर एकही नाही. दर बुधवारी तिचा भाऊ रोली, म्हणजे आमचा प्रशिक्षक, फोन करून विचारायचा, "अजून एक चांगला भिडू बसतो का गं?" आणि ती म्हणायची, "बसत नाही." एकोणीस वर्षं रोलीने विचारलं आणि एकोणीस वर्षं ती तेच म्हणाली. एवढा नकार पचवणारा भाऊ आणि एवढा नकार देणारी बहीण आमच्याकडे दुसऱ्या घरात नाही.

आणि आता हे. शनिवारी अंतिम सामना. छत्तीस वर्षांनी आमचा क्लब तिथे पोचला होता आणि पुढच्या वर्षी क्लबच राहणार नव्हता. शेजारच्या गावाशी मिळून एकच संघ करायचा ठरलं होतं. हिरवी-पिवळी जर्सी जाणार, नावही जाणार. म्हणजे कप आला तर याच शनिवारी, नाहीतर कधीच नाही. आणि कप आणील असा आमच्याकडे एकच खेळाडू होता, रोलीचा मुलगा एलियट. तो जीलाँगला ॲम्ब्युलन्सवर नोकरीला होता, तिकडच्या लीगमध्ये खेळायचा, आणि जमेल त्या शनिवारी साडेतीन तास गाडी हाकत गावी यायचा.

नियम साधा होता. ज्याने हंगामात आपल्या क्लबाकडून निदान पाच सामने खेळले, त्यालाच अंतिम फेरीत उतरता येतं. यादीत नाव असून चालत नाही, मैदानात उतरून खेळायला लागतं. नाहीतर पैसेवाल्या क्लबांनी शेवटच्या आठवड्यात शहरातून भाड्याचे पाच तगडे पोरगे आणले असते आणि आमच्यासारख्या गावांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या असत्या.

एलियटचा पाचवा सामना अठराव्या फेरीतला, डिम्बारीविरुद्धचा. कागदावर त्याच्या नावापुढे "खेळला" अशी खूण होती. खूण ग्लेनिसच्याच हातची. पण तो दिवस तिला चांगला आठवत होता. एलियटची मांडी आखडली होती म्हणून रोलीने त्याला जॅकेट घालून बाकावर बसवलं होतं. शेवटची दहा मिनिटं उतरवू, पाच पूर्ण होतील, असं ठरलं होतं. शेवटच्या पावात, म्हणजे सामन्याच्या चौथ्या भागात, डिम्बारीचा एक पोरगा मानेवर पडला आणि उठलाच नाही. एलियट बाकावरून उठून धावत गेला, चिखलात गुडघे टेकून त्याने त्या पोराचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हॉर्शमहून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत चाळीस मिनिटं हलू दिलं नाही. मग त्याच ॲम्ब्युलन्समध्ये बसून गेला. सामना तिथेच थांबवला. पोरगा वाचला, आता मानेला पट्टा लावून फिरतो. सगळ्या गावाला एलियट मैदानाच्या मधोमध आठवत होता, त्यामुळे तो खेळला नाही हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सहा वाजेपर्यंत यादी लीगकडे पाठवायची होती. यादीखाली सचिवाची सही लागते, की वरचे सगळे नियमात बसतात. ग्लेनिसने कागद उचलले आणि ती स्वयंपाकघरात गेली.

*

गुरुवारचं जेवण क्लबात सगळ्यांचं एकत्र असतं आणि अंतिम सामन्याच्या आठवड्यात ते रांधायचा मान नुस्क्यांचा. रोली टेबलाशी बसून संघ मांडत होता. मीठदाणी म्हणजे कर्णधार, मिरपूड म्हणजे उंच ब्रेंट, आणि टेबलाच्या ऐन मधोमध मोहरीची पिवळी बाटली, म्हणजे एलियट. रोलीची बायको रोवेना ओव्हनमधून जर्मन केकची ताटं काढत होती. खिडकीपाशी एर्विन, या दोघा भावंडांचे वडील, वय वर्षं चौऱ्याऐंशी, बटाटे सोलत बसले होते. छत्तीस वर्षांपूर्वीचा कप ते प्रशिक्षक असताना आला होता आणि त्या संघात रोली एकोणीस वर्षांचा होता. त्या कपाच्या गोष्टी ऐकून आमच्या दोन पिढ्या वैतागल्या आहेत.

"रोली, ती बाटली उचल," ग्लेनिस म्हणाली.

"का? तिचाही पाय आखडला?"

"एलियट बसत नाही."

रोलीने मान वर केली. एकोणीस वर्षं ऐकलेलं वाक्य होतं, पण आज त्याला ते कळायला वेळ लागला. "गुण चाळीसच होतात की. मी तीनदा मोजले."

"गुण बरोबर आहेत. सामने चार आहेत. अठराव्या फेरीत तो उतरलाच नाही." तिने कागद त्याच्यापुढे ठेवले. "अदलाबदलीच्या नोंदीत त्याचं नाव नाही. आत गेला नाही, बाहेर आला नाही."

"आत गेला नाही? मग त्या पोराची मान काय मी धरली होती? चाळीस मिनिटं होता मैदानात! अख्ख्या गावाने पाहिला."

"जॅकेट घालून होता. मदतीला गेला होता, खेळायला नाही."

"बूट होते ना पायात? गवतावर होते ना? मग?"

"मग मीही चहाचा ट्रे घेऊन गवतावर जाते रोली. मला घे संघात."

खिडकीपाशी एर्विन फसकन हसले. सोलायचा बटाटा तसाच हातात राहिला. "पण कागदावर खूण आहे ना? ती कोणी केली?"

"मी," ग्लेनिस म्हणाली. "तिसरा पाव संपल्याचा भोंगा झाला की करून टाकते मी सगळ्यांपुढे. शेवटच्या पावात पंचांचा चहा मांडायचा असतो. रोली बाकावरच्या सगळ्यांना थोडं थोडं उतरवतोच, म्हणून कधी अडलं नाही."

"म्हणजे चूक तुझी आहे."

"माझीच आहे."

रोलीला भांडायला एवढं सोपं उत्तर नको होतं. तो उठून टेबलाला एक फेरी मारून आला. गेले तीन आठवडे तो रात्री डोळे मिटले की शनिवारचा सामना खेळत होता, आणि प्रत्येक वेळी शेवटचा गोल एलियटच करत होता. बाप म्हणून त्याने पोराला फारसं काही दिलं नव्हतं. शेत दुष्काळाने गेलं, पोरगा शहरात गेला. हा एक दिवस द्यायचा होता.

"ग्लेनी, ऐक," तो आवाज खाली आणून म्हणाला. "खूण झालेली आहे. डिम्बारीवाले काही म्हणणार नाहीत, पंच काही म्हणणार नाहीत. तू काही खोटं लिहायचंच नाहीयेस. आहे ते फक्त राहू द्यायचंय."

"आणि सही?"

"सही तू दर आठवड्याला करतेस."

"चार वर्षांपूर्वी मुरेलीच्या क्लबाचा तो सोनेरी केसांचा पोरगा आठवतो? त्याचेही चार होते. मी हरकत घेतली, तो बाहेर बसला. त्याची आई इथे या दारात येऊन माझ्यापुढे रडली. त्या आठवड्यात त्याची आजी गेली होती म्हणून एक सामना हुकला होता. मी तिला काय सांगितलं माहिती आहे? चार म्हणजे चार. आणि तू बाहेर ट्रकपाशी उभा राहून हसत होतास."

रोलीने मोहरीची बाटली उचलली नाही, पण तिच्याकडे बघायचंही टाळलं.

आता रोवेनाने केकचं ताट आपटलं तशी वरची साखर टेबलभर उडाली. "आणि एलियट नाही तर बाविसावा कोण, तेही सांग ना!"

ग्लेनिस कागद सारखे करायला लागली.

"सांग की. दर गुरुवारी बावीस नावं वाचून झाली की तेविसावं कोणाचं वाचतेस? गरज पडल्यास म्हणून?"

"कोबीचं," ग्लेनिस म्हणाली. कोबी म्हणजे तिचा मुलगा.

"तुझ्या कोबीचं. माझा पोरगा साडेतीन तास गाडी हाकत येतो, सोमवारी पहाटे परत कामावर उभा राहतो, आणि तुला नेमकं गुरुवारी दुपारी आठवतं! उद्या बेकरीत पाव घ्यायला जाशील ना, तेव्हा गाव काय म्हणेल ते ऐकून घे."

बोलून झाल्यावर रोवेनालाही आपण जरा जास्त बोललो असं वाटलं असावं, कारण ती सांडलेली साखर गोळा करायला लागली. ग्लेनिसचा चेहरा पांढरा पडला होता. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. दोन वाजता दार लावून बसली तेव्हा पहिल्यांदा हेच आलं होतं, आणि त्यासाठीच दार लावलं होतं.

"कोबीला घेऊ नका," ती म्हणाली. "मी लिहून देते हवं तर. कोणालाही घ्या, त्याला नको. पण एलियटच्या नावाखाली मी सही करणार नाही."

*

एर्विननी सुरी खाली ठेवली. आजवर घरात भांडण झालं की सगळे त्यांच्याकडे बघायचे, आणि आजही तिघं बघत होती. त्यांना खरं तर कोणी बघू नये असं वाटत होतं.

त्यांना तो कप हवा होता. एवढा हवा होता की आपलीच लाज वाटावी. मार्चमध्ये डॉक्टरने छातीचा फोटो पाहून जे सांगितलं ते त्यांनी अजून मुलांना सांगितलं नव्हतं. शनिवारचा सामना बघू, मग बोलू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"ग्लेनी," ते म्हणाले, "एकदा कानाडोळा केलास तर आभाळ पडणार नाही."

ग्लेनिस वडिलांकडे बघतच राहिली. "बाबा, तुम्ही सांगता?"

ती एवढंच म्हणाली. एर्विननी पुन्हा सुरी उचलली, बटाटा उचलला, आणि सोललेलाच बटाटा परत सोलायला लागले.

एलियट आला तो पावणेपाचच्या सुमारास, शिट्टी वाजवत. आत आला, केकचा तुकडा उचलला, तोंडात घातला आणि मग सगळ्यांची तोंडं बघितली. "काय झालं? ओपा, तुम्ही बरे आहात ना?" त्याने आजोबांना विचारलं.

"मला काय धाड भरलीय," एर्विन म्हणाले. "तुझ्या आत्याला विचार."

ग्लेनिसने सांगितलं. तिने काही लपवलं नाही, चुकीची खूण आपली आहे हेही आधी सांगितलं. एलियट केक चावायचा थांबला. मग हळूहळू गिळला.

"हो की," तो म्हणाला. "उतरलोच नव्हतो. मला माहीत होतं, पण त्या गडबडीत पाचवा राहून गेला हे कोणाच्या लक्षात? बाबा म्हणाले बसतो, मी म्हटलं बसत असेन."

"अजून बसशील," रोली म्हणाला. त्याने एव्हाना दुसरी वाट शोधली होती. "लीगकडे अर्ज करता येतो. खास सवलत. समोरच्या क्लबाची हरकत नसली की देतात. ग्लेनी, आहे ना असं कलम?"

"आहे," ग्लेनिस म्हणाली. तिचा चेहरा जरा उजळला. "ते मी आत्ता लिहून पाठवते. ते उघड उघड आहे, त्यात काही वाईट नाही."

"आणि समोर कोण? डिम्बारी! ज्यांच्या पोराची मान याने धरली! अरे, दोन्ही हात वर करून हो म्हणतील!"

"म्हणूनच नको," एलियट म्हणाला.

रोलीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"बाबा, त्या पोराची आई मला अजून दर रविवारी मेसेज करते. आज इतकी पावलं चालला, आज स्वतः शर्ट घातला. आता मी तिच्या क्लबाला विचारू, मला खेळू देता का म्हणून? ते नाही म्हणूच शकत नाहीत. नाही म्हणता येत नसलेल्या माणसाला विचारायचं नसतं. मी काय सामन्यासाठी गेलो होतो का त्याच्याकडे?"

"अरे पण कप..."

"मलाही हवाय." एलियट म्हणाला. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, सहा फूट तीन इंच, आणि त्याने पाठ फिरवून सिंकचा नळ सोडला. पाण्याखाली हात धरून तो बराच वेळ उभा राहिला. "मलाही हवाय, बाबा. पण तो तसा नको."

मी यारपिंगात उभं आयुष्य काढलं. चांगले गोल पुष्कळ पाहिले, वाऱ्यावर साठ मीटरवरून मारलेलेही. पण त्या दुपारी पाठमोरा उभा राहून हात धूत राहिलेल्या त्या पोराएवढा मोठा खेळाडू आमच्या क्लबाने पाहिला नाही, असं मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

रोवेनाने टॉवेल घेतला, जाऊन नळ बंद केला आणि मुलाचे हात पुसले, तो पाच वर्षांचा असावा तसे. त्याने पुसू दिले.

"ठीक आहे," रोली शेवटी म्हणाला. त्याने बाटली उचलून कपाटात ठेवून दिली. "ठीक आहे. मग बाविसावा कोण? पाच वाजून गेले."

"लोक्स्टनचा धाकटा," ग्लेनिस लगेच म्हणाली. "नाहीतर तो नवा शिक्षक. दोघं नियमात बसतात."

"कोबी का नाही?"

हे रोवेनाने विचारलं. सगळे तिच्याकडे वळले. ग्लेनिसला वाटलं ही टोमणा मारतेय.

"तूच म्हणालीस, गाव काय म्हणेल."

"गाव म्हणेलच. मी म्हटलं ते रागात म्हटलं, आणि ते मी तुला सोडून दुसऱ्या कोणाला म्हणणार होते?" रोवेना टॉवेलची घडी घालत होती, उलगडत होती. "पण पोराने काय केलंय? अकरा वर्षं त्याचं नाव तेविसावं येतं. अकरा वर्षं तो शनिवारी बूट घालून बसतो आणि कोणाला काही झालं नाही की घरी जातो. तुझा मुलगा आहे एवढाच त्याचा गुन्हा?"

"रोवेना, मला नाही जमायचं. माझ्या हाताने एलियटचं नाव काढून..."

"कोबीचे यंदा सामने किती?" एर्विननी मधेच विचारलं.

"मोठा आणि राखीव, दोन्ही संघांचे मिळून सोळा."

"गुण?"

"एक. गावचाच तो."

"आणि रोली, तू त्याला तेविसावा का ठेवतोस? माझा नातू म्हणून?"

"छे!" रोली म्हणाला. "घाबरतो थोडा, पण चेंडू सोडत नाही. बावीस जणांनंतर तोच. बहिणीने 'घे' म्हटलं असतं तर कदाचित घेतलाच नसता. तिने कधी म्हटलंच नाही."

"मग लिही," एर्विन मुलीला म्हणाले.

"बाबा, नको. मी हात जोडते."

"मघाशी तू मला जे म्हणालीस, ते मी आयुष्यभर विसरणार नाही," म्हातारे म्हणाले. "तू बरोबर होतीस, मी चुकलो. आता तू चुकते आहेस. नियमाने माझा एक नातू बाहेर गेला. तोच नियम दुसऱ्याला आत घेतोय, तर तू दार लावतेस. का? लोक बोलतील म्हणून? मग तुझं ते चार म्हणजे चार कुठे गेलं?"

ग्लेनिसने पेन उचललं. एलियटच्या नावावर तिने एक सरळ रेघ मारली तेव्हा हात स्थिर होता. खाली मुलाचं नाव लिहिताना मात्र दोनदा थांबावं लागलं. पाच पंचावन्नला यादी गेली.

*

कोबी साडेसहाला धान्याच्या कोठारावरून आला तो तसाच, गव्हाची धूळ केसांत. आल्या आल्या त्याने नेहमीसारख्या खुर्च्या मांडल्या, सूप वाढलं, म्हाताऱ्या मंडळींना त्यांच्या जागी बसवलं. आजइतकी गर्दी कधी झाली नव्हती. मुलं टेबलाखाली, माणसं दारापर्यंत. एलियटच्या पाठीवर थाप मारल्याशिवाय कोणी पुढे जात नव्हतं, आणि एलियट हसून घेत होता. त्या हसण्यात काहीतरी वेगळं आहे असं कोबीला वाटलं, पण त्याने विचारलं नाही. कोबी फारसं कोणाला काही विचारत नाही.

सात वाजता रोली उभा राहिला. "एक वाईट बातमी आहे आणि ती मी एकदाच सांगणार," तो म्हणाला. "एलियटचे सामने चार भरतात. तो खेळणार नाही. चूक क्लबाची आहे, त्याची नाही. कोणाला त्याच्याबद्दल किंवा आमच्या सचिवाबद्दल काही म्हणायचं असेल तर आधी माझ्याकडे या."

कोणी गेलं नाही. सूप निवत होतं तरी कोणी चमचा उचलला नाही.

मग ग्लेनिस नावं वाचायला उठली. नावं वाचायचा मान सचिवाचा. एक ते एकवीस तिने नेहमीसारखी वाचली, स्वच्छ, न अडखळता. मग ती थांबली आणि म्हणाली, "बावीस. कोबी."

कोबीच्या हातात सुपाच्या तीन वाट्या होत्या. त्याला वाटलं एक नाव मधेच राहिलं आणि आई चुकून तेविसावर गेली.

मागच्या बाजूने कोणीतरी, फार हळू नाही, म्हणालं, "बरं आहे बुवा, आईच सचिव असलेली." दोन-चार जण हसले. ग्लेनिसने ऐकलं. तिचे कान लाल झाले, पण तिने कागद खाली ठेवला नाही. "तेवीस, गरज पडल्यास," ती म्हणाली, आणि लोक्स्टनच्या धाकट्याचं नाव वाचून खाली बसली.

एलियट उठून मागच्या बाजूला निघाला होता, बहुधा त्या बोलणाऱ्याला दोन शब्द ऐकवायला. पण कोबीने वाट्या टेबलावर ठेवल्या आणि तो बाहेर पडला. मैदानावर सरावाचे दिवे लागले होते आणि थंडी होती. तो पांढऱ्या रेषेपाशी जाऊन थांबला. अकरा वर्षं ती रेषा तो दर गुरुवारी स्वतः मारत होता, आणि मोठ्या संघातून ओलांडायला मिळाली होती ती मोजून सात वेळा.

मागून पावलं वाजली. आईची पावलं त्याला ओळखू येतात.

"कोबी."

"आई, खरं सांग," तो न वळता म्हणाला. "तू सुचवलंस माझं नाव?"

ग्लेनिसला खोटं बोलता आलं असतं. आई आहे, पोराला बरं वाटावं म्हणून 'मामाच म्हणाला तुला घ्या' एवढं सांगून सुटता आलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "मी नको म्हणाले."

आता तो वळला. "नको म्हणालीस?"

"दोनदा. हातसुद्धा जोडले. लोक बोलतील म्हणून मी घाबरले, कोबी. मामी म्हणाली का नाही म्हणून, ओपांनी लिही म्हणून सांगितलं. मामा म्हणाला, बावीस जणांनंतर तूच. मी एकटी नको म्हणत होते. मला माफ कर."

कोबी तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर आधी काहीच नव्हतं. मग ओठ हलले, आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले, आणि गव्हाची धूळ गालभर झाली.

"दोनदा?" त्याने पुन्हा विचारलं.

"दोनदा."

"मग खेळतो," कोबी म्हणाला. "तू सुचवलं असतंस ना आई, तर नसतो खेळलो."

तिला त्याचा हात धरायचा होता, पण दारातून रोली ओरडत होता, "कोबी! अरे बाहेर काय करतोस, आत ये, शनिवारी तुला कुठे उभं करायचं ते दाखवतो!" आणि कोबी रेषेवरून वळून धावत निघालाही होता.